गप्पी माशांचे एकत्रीकरण

आमच्या कार्यालयात येणारे लोक ताटकळून चिडतात, असा निष्कर्ष वरिष्ठ कार्यालयाने सखोल अभ्यासाअंती काढला. लोकांची कामे लवकर करावीत, अशी एक सूचना पुढे आली होती. ती अव्यवहार्य ठरली. दुसरी मंजूर झाली. प्रत्येक कार्यालयाने बाकांसमोर एक छोटी मत्स्यटाकी ठेवावी. मासे नवशिक्यालाही सांभाळता येतील असे आणि आपोआप वाढणारे असावेत. पहिल्या तिमाहीत पिल्ले दिसलीच पाहिजेत.

टाकीचा कार्यभार माझ्याकडे आला. मी बदली शाखेत लिपिक आहे, म्हणजे दुसऱ्यांच्या बदल्यांचे कागद फिरवतो. माझी बायको याच खात्यात, पण दीडशे किलोमीटरवरच्या कार्यालयात. आम्हा दोघांना एका गावी आणावे, हा माझा अर्ज सहा वर्षे विचाराधीन आहे. पाच वर्षांची मुलगी तिच्याकडे असते. रविवारी संध्याकाळी मी परत निघालो की ती माझा एक बूट लपवते. त्यामुळे साहेब जेव्हा म्हणाले, "टाकीचं तेवढं नीट करा, मग तुमच्या अर्जाचं बघू," तेव्हा मी त्या टाकीत जीव ओतायचे ठरवले.

निवड समितीत साहेब, हेडक्लार्क बाई आणि मी. खात्याच्या यादीवर माशांचे दुकान एकच होते. दुकानदार भला माणूस. म्हणाला, "गप्पी घ्या. अंड्यांची भानगड नाही, थेट पिल्लं होतात. सोबत चेरी कोळंबी घ्या. थोडं शेवाळ सोडा म्हणजे पिल्लांना लपायला जागा होते. मी नर-मादी वेगळ्या टाक्यांत ठेवतो, तेवढं बघून दोन्हीतले..."

साहेबांनी हात वर केला. "निवड गुणवत्तेवर होईल."

गुणवत्ता म्हणजे दिसणे. रंगीत शेपटीचे सहा गप्पी पहिल्या फेरीतच उत्तीर्ण झाले. शेजारच्या टाकीतल्या मातकट, पोटाळ गप्पींकडे बघून हेडक्लार्क बाई म्हणाल्या, "या सुस्त वाटतात. लोकांवर काय छाप पडणार?" कोळंब्यांतही लालबुंद सहा निवडल्या, फिकट सगळ्या नापास.

"साहेब," दुकानदार चाचरत म्हणाला, "गप्पी सगळे नर झाले. आणि कोळंब्या सगळ्या माद्या."

"एकूण नर किती?" बाईंनी विचारले.

"सहा."

"माद्या?"

"सहा."

"मग बरोबर आहे की!"

दुकानदाराने माझ्याकडे पाहिले. मला सगळे कळत होते, पण माझा अर्ज साहेबांच्या खणात होता. मी शेवाळाचे बघू लागलो. आम्ही नापास केलेली मंडळी पुढच्या आठवड्यात बायकोच्या कार्यालयाला गेली. तिथल्या समितीने साधी राहणी हा निकष लावला होता.

तिमाही संपली. टाकीतली लोकसंख्या होती तेवढीच. मला ज्ञापन मिळाले: नर सहा, मादी सहा, एकाच टाकीत वास्तव्य, तरीही निष्पत्ती शून्य, खुलासा करावा. मी खुलासा केला की नर हे मासे असून माद्या ह्या कोळंब्या आहेत. साहेबांनी तो दोनदा वाचला.

"म्हणजे यांचं जमत नाही?"

"नाही साहेब."

"पण एकत्र राहून सवयीनं काही..."

"साहेब, एक मासा आहे, एक कोळंबी आहे."

"मग या माशांच्या माद्या आहेत कुठे?"

मी बायकोच्या कार्यालयाचे नाव सांगितले. साहेब खुर्चीतून उठलेच. "दीडशे किलोमीटरवर? अहो, जोडीला असं लांब ठेवून कसं चालेल? मुक्या जिवांवर हा अन्याय आहे! कुणाच्या लक्षात कसं आलं नाही?"

सहा वर्षांत हे वाक्य मी प्रथमच ऐकत होतो.

बाराला टिपणी झाली, साडेबाराला वरिष्ठांनी फोनवर होकार दिला, दोनला खात्याची गाडी निघाली. निम्मे नर गप्पी तिकडे, निम्म्या माद्या इकडे, कोळंब्यांचेही तसेच. संध्याकाळी बायकोचा फोन आला.

"अहो, गाडी आली होती. मागच्या सीटवर नुसती पाण्याची पिशवी. ड्रायव्हरला म्हटलं, दोन दिवस रजा टाकते, आम्ही दोघी बसू का कडेला? तर म्हणाला, बाई, आदेशात तुमचं नाव नाही. तुमच्या लेकीनं पिशवीला पापा दिलाय. बाबांना द्या म्हणाली माशांना."

महिन्याभरात चाळीस पिल्ले झाली. साहेबांना प्रशस्तिपत्र आले. तो मुहूर्त साधून मी नवा अर्ज केला आणि त्यात जोडीला लांब ठेवण्याबद्दलचे साहेबांचेच वाक्य घातले. अर्ज तिसऱ्या दिवशी परत आला. एवढ्या लवकर खात्यातून मला कधीच काही आले नव्हते. शेरा होता: 'अर्जदारास एक अपत्य असल्याचे दिसून येते. वेगळे राहूनही निष्पत्ती साध्य झालेली असल्याने एकत्रीकरणाची निकड सिद्ध होत नाही. नामंजूर.'

तो कागद हातात घेऊन मी खिडकीशी बसलो होतो आणि समोर बाकावर काम घेऊन आलेले तुम्ही होतात. आठवत असेल तुम्हाला. दोन तास थांबूनही तुम्ही चिडला नव्हतात. टाकीचे फोटो काढत होतात. माझा चेहरा बघून तुम्ही काय झाले म्हणून विचारलेत, मी सगळे सांगितले, आणि तुम्ही म्हणालात, "सरकारी नोकरी म्हटली की हे चालायचंच." मग विचारलेत, घरी मुलाला हवीत, पिल्ले मिळतील का? मी तुमच्याकडून अर्ज लिहून घेतला. तो तिथल्या तिथे मंजूर झाला.

पिशवी बांधताना तुम्ही काचेवर वाकून मला बजावलेत, "एकटं नका हं देऊ. जोडी बघून द्या. एकट्या जिवाचे फार हाल होतात हो!"

मी जोडी बघून दिली.