रकाना नऊ : पट्टीचे पोहणारे

आमच्या तहसील कचेरीतल्या झाडेबाबूंनी एका वर्षी तालुक्यातल्या अकरा म्हाताऱ्यांना विहिरीत उड्या मारायला लावल्या. तेही लेखी. उडीच्या आधी अंगठा, वर आल्यावर पुन्हा अंगठा.

त्याचं असं झालं. पावसाळ्यापूर्वी गावोगावचा पूर आराखडा वर पाठवावा लागतो. त्यात नववा रकाना ‘पट्टीचे पोहणारे’. गावात पाणी शिरलं तर माणसं काढायला कोण उतरेल, त्यांची नावं. आधीचे बाबू गेल्या वर्षीचा आराखडा समोर ठेवायचे, साल बदलायचे आणि चहा मागवायचे. त्यामुळे रकान्यातले पोहणारे म्हातारे होत नसत आणि मरत तर मुळीच नसत. आमच्या तालुक्यात अमर व्हायला पोहता येणं पुरेसं होतं.

नव्वदच्या दशकात झाडेबाबू पुराच्या टेबलावर आले. माझं टंचाईचं टेबल त्यांच्या पाठीमागे. मी आटलेल्या विहिरींच्या याद्या करायचो, ते बुडणाऱ्या गावांच्या. गावं पुष्कळदा तीच असत. पण त्यांची फाईल लाल, माझी पिवळी, आणि एकाने दुसऱ्याच्या फाईलला हात लावायची आमच्यात पद्धत नव्हती.

झाडेबाबूंचा प्रश्न एकच. ‘डोयानं पाह्यलं काय?’ शिपाई म्हणाला साखर संपली, की ‘डोयानं पाह्यलं काय?’ आमचे हेडक्लार्क बडेबाबू, त्यांच्या सासूबाई वारल्याची खबर आली, तेव्हाही यांनी सवयीने तेच विचारलं. बडेबाबूंनी त्या दिवसापासून बोलणं टाकलं. झाडेबाबूंच्या ते तीन महिने ध्यानात आलं नाही.

रविवारी हा माणूस पिपरी मेघेतल्या खोलीवरून निघायचा, वडनेरच्या फाट्यावर एसटीच्या टपावरून सायकल उतरवायचा आणि यादी घेऊन गावं पालथी घालायचा. पहिल्याच गावी यादीतले दोघे भिंतीवर हार घालून बसलेले निघाले. तिसरा जिवंत होता. तो म्हणाला, “मले कुठं पोवता येते बाबू? नावं लिवून राह्यलते तवा मी चावडीत बिडी ओढत बसलो होतो.”

त्यानंतर उड्या सुरू झाल्या. मी त्यांचं नाव ‘पाणबुडेसाहेब’ ठेवलं आणि ते कचेरीभर चालवलं. त्यांच्या टेबलावर एकदा शिट्टी आणि टॉवेलही ठेवला. त्यांनी टॉवेल घडी घालून परत केला, शिट्टी कामाची म्हणून ठेवून घेतली.

पिंपळखुट्याला मात्र घोडं अडलं. नदीकाठचं गाव, यादीत चार नावं. तीन वारलेले, चौथा सीताराम आजा, वय बहात्तर. आजाने उडी झकास मारली, पण वर यायला त्याला दोघांनी हात द्यावा लागला. झाडेबाबूंनी नाव कापलं.

“मी मेलो काय?” आजा भडकला.

“नाई आजा. पन बुडत्याले काढाचं का तुमाले काढाचं?”

गावातल्या जवान पोरांना विचारलं तर एकालाही पोहता येत नव्हतं. आजा म्हणाला, “कुठं शिकन हे पोट्टे? आमी मे महिन्यात नाल्यावरच्या विहिरीत शिकलो. आता मार्चातच तिच्यात बेंडक्या चालतेत.”

दुसऱ्या दिवशी झाडेबाबूंनी पहिल्यांदा खुर्ची माझ्याकडे वळवली. “भोयरबाबू, तुमची पिवळी फाईल काढा.” ती विहीर माझ्या यादीत पाच वर्षांपासून होती. ती मीही दरवर्षी उतरवत होतो, साल बदलून. झाडेबाबू म्हणाले, “पाहा. पाऊस वीस-वीस दिवस गायब राह्यते, मंग महिन्याचा एका दिवसात वतते. तुमची विहीर आटली मनून माह्या रकान्यात मानूस नाई. आन् नदी तं पयल्यापेक्षा जोरानं येऊन राह्यली.” त्यांनी दोन्ही फायली एका दोरीने बांधल्या आणि विहीर खोल करायचा प्रस्ताव वर पाठवला. कारणाच्या जागी लिहिलं, ‘पोहणे’.

दोन महिन्यांनी शेरा आला, ‘सदर विहीर टंचाईची की पुराची, याचा खुलासा करावा.’ बडेबाबूंनी दोरी सोडून फायली वेगळ्या केल्या. दोरी मात्र जपून ठेवली, सरकारी होती.

पुढे दोन हजार साल उलटल्यावर पूर आराखड्याला ‘आपत्ती व्यवस्थापन’ असं भारदस्त नाव मिळालं. प्रशिक्षण झालं, नाश्त्याला आलूबोंडे होते. एका साहेबांनी हवामान बदलावर तासभर सांगितलं. झाडेबाबू उठले. “साहेब, हा हवामान बदल कोन्या टेबलाकडं येते?”

“हा सगळ्याच टेबलांचा विषय आहे,” साहेब म्हणाले.

“मंजे कोनाचाच नाई,” असं म्हणून झाडेबाबू खाली बसले. सगळ्यात मोठ्याने मी हसलो.

त्यानंतरच्या फेब्रुवारीत एका रविवारी वरून तातडीने जुना आराखडा मागवला. कपाटाची किल्ली झाडेबाबूंकडे. खोलीला कुलूप. शेजारीण म्हणाली, “ते तं दर इतवारी पिंपळखुट्याले जाते.” कचेरीत त्यावरूनही नाना तर्क होते. मजा बघायला मिळेल म्हणून मीच गेलो.

नाल्यावरच्या विहिरीत झाडेबाबू होते. पाठीला रिकामा डबा, कमरेला दोर, डोळ्यांवर सुतळीने बांधलेला चष्मा. दोराचं दुसरं टोक सीताराम आजाच्या हातात. “पाय मारा, बाबू, पाय. कागद नोय तो,” आजा ओरडत होता. वर आले तेव्हा झाडेबाबूंचे ओठ निळे पडले होते.

“मेपर्यंत पानी थांबत नाई,” ते कुडकुडत म्हणाले. “मनून थंडीतच शिकावं लागते. पोट्ट्यायचे मायबाप त्यायले थंड्या पान्यात सोडत नाई. मले थांबवनारं घरी कोन हाये?”

“पण तुम्हीच का?”

“आजाचं नाव मी कापलं ना. गावाले कोनी नाई ठेवलं.”

मला तिथे उभं राहायची लाज वाटली. किल्ली घेतली आणि आलो.

मे महिन्यात त्यांनी नवा आराखडा भरला. पिंपळखुट्यापुढे नवव्या रकान्यात स्वतःचं नाव, वय पंचावन्न, आणि पुढे ‘शिकत आहे’. पावसाळाभर राहायला गावात खोलीही बघून ठेवली होती. पोहणारा गावातच नसेल तर रकाना खोटा ठरतो, असं त्यांचं म्हणणं.

मग ते कागद घेऊन माझ्या टेबलापाशी आले.

“भोयरबाबू, दहावा रकाना भरल्याबिगर कागद वर जात नाई. पोहनाऱ्याले काई झालं तं कोनाले कळवाचं, त्याचं नाव लागते. तुमचं टाकलं तं चालन काय?”

मी हो म्हणालो.

“नातं काय लिवू?”

“धाकटा भाऊ लिहा,” मी म्हणालो.

त्यांनी ते सावकाश, वळणदार अक्षरात लिहिलं, आणि शाई वाळेपर्यंत कागद काही हातातून सोडला नाही.