भांडायला येणाऱ्या शकुमावशी

शकुमावशींना एकदा मोबाईलमधल्या बाईशी भांडताना मी स्वतः पाहिलंय. ‘आपण ज्या व्यक्तीशी संपर्क साधू इच्छिता ती सध्या दुसऱ्या कॉलवर व्यस्त आहे,’ असं ती बिचारी सांगत होती, आणि मावशी तिला दरडावत होत्या, “कोन म्हनतं? आत्ता दारात लसूण सोलत बसलेली पाह्यली मी!”

‘कोन म्हनतं?’ हा मावशींचा परवलीचा शब्द. तुमचं वाक्य संपायच्या आत तो येतो. ऊन वाढलंय म्हणा, दूध महागलं म्हणा, मावशींचं उत्तर ठरलेलं. सावेडीतले रिक्षावाले त्यांना लांबून ओळखतात. एकदा त्यांनी सरळ रस्त्यानं नेलं म्हणून रिक्षावाल्याशी वाद घातला होता. मूळच्या पारनेरकडच्या, आयुष्यभर भाजी विकलेली. घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाइकांनी जिभेला जी धार लावली ती अजून बोथट झालेली नाही.

अशी बाई आजाऱ्याच्या उशाशी कुणी नेऊन बसवील का? पण शमीम सिस्टर नेतात. ज्यांचा आजार आता बरा होणार नाही, अशा माणसांच्या घरी जाऊन सिस्टर औषधपाणी बघतात, दुखणं कमी करतात, घरच्यांना धीर देतात. त्यांच्यासोबत ज्या चार बायका पेशंटशी गप्पा मारायला जातात, त्यांत शकुमावशी. बाकीच्या गप्पा मारतात. मावशी भांडतात.

आमच्याकडं त्या आल्या त्या माझ्या वडिलांसाठी. आबा मूळचे तिसगावचे, एसटीत कंडक्टर होते. भरल्या गाडीत मागच्या सीटपर्यंत आवाज पोचायचा. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती, घरात आम्ही दोघंच. डॉक्टरांनी ‘आता घरी न्या, त्यांना आरामात ठेवा’ असं सांगितल्यापासून मी त्यांच्या प्रत्येक बोलण्याला ‘हो आबा’ म्हणायला लागले. भेटायला येणारेही तेच. शहाळं ठेवायचं, चेहरा पाडायचा आणि मान डोलवायची. एके दिवशी आबा माझ्याकडं रोखून बघत म्हणाले, “माझी गाडी आभाळातल्या इमानापेक्षा जोरात पळायची.” मी म्हणाले, “हो आबा.” त्यांनी भिंतीकडं तोंड केलं. त्यानंतर बोलणं बंद, जेवण नावाला. माणूस समोर असताना घरातून निघून गेल्यासारखं झालं होतं. जायच्या आधी आबा एकदा परत मिळावेत, एवढंच मला हवं होतं.

मावशी आल्या तेव्हा उशाशी भाकरीचं ताट तसंच पडलेलं होतं. त्यांनी तुकडा मोडून तोंडात टाकला.

“कुठली बाजरी म्हनायची ही?”

भिंतीकडून आवाज आला, “तिसगावची. सगळ्या जिल्ह्यात अशी बाजरी न्हाई.”

“कोन म्हनतं? पारनेरची खाल्ली न्हाई वाटतं कधी!”

आबा या कुशीवर वळले. “पारनेरला पाऊस तरी पडतो का, बाई?”

“आन् तिसगावला काय धरन फुटलंय, कंडक्टर?”

मी घाबरून मावशींना स्वयंपाकघरात ओढत नेलं. “मावशी, जरा दमानं. आबांचं आता फार राहिलेलं नाही.”

मावशी पहिल्यांदाच ‘कोन म्हनतं’ म्हणाल्या नाहीत. ओट्याला टेकून म्हणाल्या, “आमच्या मालकांशी मी सारी हयात भांडले. शेवटच्या दुखन्यात डाक्टर म्हनला, त्यांचं मन दुखवू नका. मंग मी समद्याला व्हय-व्हय करीत गेले. तर एक दिवस म्हनले, ‘शके, तू भांडंना झालीस, म्हंजी माझं काय खरं न्हाई.’ त्येच्या पुढं बोललेच न्हाईत गं. आता घरी भांडाया बी कोन न्हाई.” मग पदर खोचून त्या पुन्हा आत गेल्या आणि धरणापासून पुढं सुरू झाल्या.

त्यानंतर काय विचारता! आबा सकाळपासून मुद्दे गोळा करायचे. मावशींच्या यायच्या वेळेला माझ्याकडून केस विंचरून घ्यायचे. त्यांचा आवाज ऐकून शेजारीण विचारायला आली, “आबा बरे झाले का?” बरे कसले होतायत? पण शमीम सिस्टरच्या औषधानं दुखणं आवरलेलं आणि समोर तोडीस तोड भांडणारी बाई. मरायला टेकलेल्या माणसाला आणखी काय हवं असतं?

एका संध्याकाळी मावशींनी पारनेरच्या बाजरीची भाकरी करून आणली. आबांनी दुधात कुस्करलेले दोन घास खाल्ले आणि बराच वेळ घोळवले.

“बोला की! कशी लागली?”

“उद्या सांगतो,” आबा म्हणाले आणि गालात हसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा गेले.

आमच्याकडं ज्या घरातलं माणूस जातं, त्या घरात त्या दिवशी चूल पेटत नाही. शेजारीपाजारी पिठलं-भाकरी आणतात. त्याला कडू घास म्हणतात. माझ्या घरी तो शकुमावशींनी आणला. कोपऱ्यात बसून राहिल्या. कुणी म्हणालं, “सुटले बिचारे.” मावशी म्हणाल्या, “व्हय.” कुणी म्हणालं, “वय झालंच होतं.” मावशी म्हणाल्या, “व्हय.” कुणी काहीही म्हणालं तरी व्हय. मला रडू आवरेना, पण मावशींचं ते ‘व्हय’ ऐकून मी डोळे पुसले.

मी ताट ओढलं, घास तोंडात घातला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “भाकरी ठीक आहे. पण तिसगावच्या बाजरीची सर नाही.”

खोलीतले सगळे माझ्याकडं बघायला लागले. मावशींनी मान वर केली.

“कोन म्हनतं?”

“आबा म्हणायचे. आणि आता मी म्हणते.”

“तुला गं काय कळतंय बाजरीतलं? शहरात वाढलेली पोर!” मावशी उठून माझ्यापुढं येऊन बसल्या. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि तोंड चाललेलं होतं. मीही रडत रडत उलट बोलत होते, आणि बोलता बोलता माझी अख्खी भाकरी संपली.

आता मावशी जवळजवळ रोज येतात, भांडायला.

खरं तर ती भाकरी फार गोड होती. ते मात्र मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.