जागतिक पांघरूण दिन

सकाळचे सहा वाजून दहा मिनिटं झाली तरी स्वयंपाकघरातून भांड्याचा आवाज आला नाही, तेव्हा दिनविशेषांनी पांघरुणातून आधी नाक आणि मग एक डोळा बाहेर काढला. बाहेर काही खरं नाही, हे नाकाला लगेच कळलं. खिडकीची काच दवाने पांढरी झाली होती. शेजारी बायको डोक्यावरून पांघरूण घेऊन गाढ झोपली होती. लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती, पण सकाळी सहानंतर बायको आडवी आहे हे दृश्य त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

दिनविशेष हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. शहरातल्या एका छापखान्यातून दरवर्षी रोज एक पान फाडायचं कॅलेंडर निघे, आणि त्याच्या तीनशे पासष्ट पानांवरचा मजकूर गेली बावीस वर्षं तेच लिहीत आले होते. पानावर तीन गोष्टी असत. आज कसला दिवस आहे, हवा कशी राहील आणि जगात कुठे काय आहे. त्यामुळे जगात कुठे काय आहे हे त्यांना चोख ठाऊक होतं. घरात कुठे काय आहे हे विचारायला मात्र बायको लागे.

घरात त्यांचा शब्द चाले तो या पानांच्या जोरावर. बायकोने पडदे धुवायला काढले, की नेमका जागतिक पाणी बचत दिन निघायचा. सासरची मंडळी आली तेव्हा जागतिक पदयात्रा दिन होता, म्हणून त्यांनी सगळ्यांना सामानासकट स्टेशनवरून चालवत आणलं. कोणी कुरकुर केली की ते पानावर बोट ठेवत आणि म्हणत, "छापलंय." त्यावर घरात अपील नव्हतं.

पण गेल्या जूनमध्ये सतरा जानेवारीचं पान काही केल्या भरेना. सोळा तारखेला एक दिवस होता, अठराला दोन होते, आणि सतराला जगाने काहीच ठरवलेलं नव्हतं. वीज गेलेली, बनियन पाठीला चिकटलेला, मालक प्रूफांसाठी मागे लागलेले. अशा वेळी दिनविशेषांना जानेवारीतली उबदार सकाळ आठवली, मन भरून आलं, आणि त्यांनी 'जागतिक पांघरूण दिन' लिहून टाकला. अनेक देशांत तो उत्साहाने पाळला जातो, असंही लिहिलं. कोणत्या देशांत ते लिहिलं नाही, कारण थापा मारण्यालाही काही मर्यादा असते असं त्यांचं मत होतं.

आणि आज तो दिवस उजाडला होता. दुर्दैव असं, की स्वतः जन्माला घातलेला दिवस त्यांना स्वतःलाच पाळता येणार नव्हता. दरवर्षी चाळीस हजार कॅलेंडरं घेऊन घरोघर वाटणाऱ्या विमा कंपनीचे साहेब आज आठ वाजता छापखान्यात येणार होते. हल्ली तारीख फोनवर दिसते, मग कॅलेंडर कशाला, असं ते म्हणू लागले होते. पुढच्या वर्षाचा नमुना पाहून आज ते हो की नाही सांगणार होते. मालकांनी काल स्पष्टच सांगितलं होतं, "ते नाही म्हणाले तर कॅलेंडर बंद. मी लग्नपत्रिका छापीन हो. तुम्ही काय कराल?"

बावन्नाव्या वर्षी ते काय करणार होते? रात्रभर त्यांनी हाच विचार केला होता. नमुन्याची हिरवी फाईल शेवटचा हात फिरवायला म्हणून ते घरी घेऊन आले होते. ती त्यांनी जेवणाच्या टेबलावर ठेवली होती. आता उठून पाहिलं तर टेबल स्वच्छ पुसलेलं होतं आणि फाईल तिथे नव्हती.

"अगं," त्यांनी पांघरुणाला हाक मारली. "फाईल कुठंय?"

"नीट ठेवलीय," पांघरूण म्हणालं.

"कुठं नीट?"

पांघरुणातून एक हात बाहेर आला. त्यात सतरा जानेवारीचं पान होतं. पान त्यांच्या हाती देऊन हात पुन्हा आत गेला. दिनविशेषांनी चष्मा लावून वाचलं. 'जागतिक पांघरूण दिन. घरात ज्या माणसावाचून सगळं अडतं, त्याला आज सकाळी आठपर्यंत उठवू नये, काही विचारू नये.' वाक्य आपण लिहिलं त्यापेक्षा जरा बरं उतरलंय, असं त्यांना वाटलं.

"म्हणजे तू?"

"मग कोण?"

"अगं, पण साहेब आठला येणारेत. माझं कामच जाईल."

"मग शोधा की. घर तुमचंच आहे ना?" आणि मग जरा मऊ आवाजात, "आठ वाजता काढून देते. अनेक देशांत पाळतात म्हणे. आपण एकट्याने कशाला मोडायचा?"

एका वाक्यात सगळं मिटलं असतं. हा दिवस मी मनाने लिहिला, एवढं म्हटलं की बायको उठली असती. पण मग बाकीचे दिवस कुठून आले, असं तिने विचारलं असतं, आणि सामानासकट चाललेला तिचा भाऊ अजून हयात होता. दिनविशेषांनी ते वाक्य गिळलं आणि आईच्या खोलीकडे वळले.

आई जागी होती. छातीपर्यंत पांघरूण घेऊन छान छताकडे पाहत होती.

"आई, हिरवी फाईल पाहिलीस?"

"मला विचारू नकोस रे. आज मी सुट्टीवर आहे."

"तू?"

"माझ्यावाचून अडतं ना तुमचं. सकाळी सगळ्यांच्या आधी उठून खोकते कोण? मी खोकते म्हणून तुम्ही उठता."

यात तथ्य होतं. आज ती खोकली नव्हती, म्हणूनच सगळं घर लोळत होतं. लेकीच्या दारावर त्यांनी टकटक केलं, तर आतून आवाज आला, "बाबा, आठपर्यंत नाही हं. माझ्याशिवाय तुला साधा फोन तरी लावता येतो का?" म्हणजे घरात चार माणसं होती आणि ज्यांच्यावाचून अडतं अशी तीन निघाली. चौथ्याचं नाव कोणी घेतलं नव्हतं. घर चालवतो तो आपण, हा समज दिनविशेषांनी सव्वीस वर्षं जपला होता. त्याचं आता काय करायचं ते त्यांना सुचेना.

आधी चहा घ्यावा, म्हणजे डोकं चालेल, असं त्यांनी ठरवलं. कोणत्या देशात किती चहा पिकतो हे त्यांनी किमान सहा पानांवर छापलं होतं. पण या घरात चहाची पूड कोणत्या डब्यात असते हे कुठेच छापलेलं नव्हतं. त्यांनी अकरा डबे उघडले. बाराव्यात चहा मिळाला, तोवर दूध उतू जाऊन शेगडी विझली होती. शेगडी पुसायला फडकं घेतलं तर ते फडकं नव्हतं, लेकीचा गळपट्टा होता. तो भिजवला, पिळला, आणि वाळत घालायला खिडकी उघडली, तसा असा काही गार वारा आत घुसला की खुर्चीवरचं कालचं वर्तमानपत्र घरभर पसरलं. पहिल्याच पानावर बातमी होती, की दोन देश एका सामुद्रधुनीवरून पुन्हा हमरीतुमरीवर आले आहेत. एरवी या बातमीवर दिनविशेष अर्धा तास बोलले असते. आज त्यांनी दोन्ही देश गोळा करून शेगडी पुसली.

मग शोध सुरू झाला. कपाटं झाली, माळा झाला, स्टुलावर उभं राहून देव जाणे काय काय झालं. सहा वर्षांपूर्वी हरवलेला चष्मा मिळाला. लग्नातला फोटो मिळाला, त्यात ते बारीक होते. फाईल मात्र नाही. सात पस्तीसला त्यांनी मालकांना फोन लावला. फोन लावता आला, याचा त्यांना अशाही परिस्थितीत थोडा अभिमान वाटला.

"हळू बोला," पलीकडून मालक कुजबुजले. "ही झोपलीय."

"तुमच्याकडेही?"

"तिच्या उशीखाली छापखान्याची किल्ली आहे हो. काढायला गेलो तर म्हणते, आठला. मी म्हटलं, अगं, माझंच कॅलेंडर आहे. तर म्हणते, मग तुम्हीच नाही पाळायचं तर कोणी पाळायचं? आमच्या समोरच्या घरातही दिवा नाही. दूधवालाही आला नाही, त्याच्या घरी काय झालंय देव जाणे."

दिनविशेषांनी फोन ठेवला. चाळीस हजार घरं. चाळीस हजार शेगड्या. आता लाज गेली तर गेली, पण काम वाचलं पाहिजे. ते थेट बिछान्यापाशी जाऊन उभे राहिले आणि त्यांनी घसा साफ केला.

"ऐक. या दिवसाचं असं आहे..."

"कसं आहे?" बायकोने पांघरूण खाली घेतलं. तेवढ्यात आवाज ऐकून दारात लेक आली, तिच्या खांद्यामागून आईचं डोकं दिसलं. तिघींनीही पांघरुणं अंगाभोवती गुंडाळली होती. चेहरे झोपेने फुगलेले, लाल आणि कधी नव्हे इतके सुखी होते. सव्वीस वर्षांत बायकोचा सकाळचा चेहरा असा असू शकतो, हे त्यांना माहीतच नव्हतं.

"काही नाही," दिनविशेष म्हणाले. "चांगला दिवस आहे. झोपा."

आठच्या ठोक्याला बायको उठली. केस बांधले, आणि दिनविशेष झोपतात त्या बाजूची गादी उचलून खालून हिरवी फाईल काढली.

"पानं चुरगळली होती. तुमच्या वजनाने छान इस्त्री झालीय बघा."

बोलायला वेळ नव्हता. एका पायात मोजा घालून आणि दुसरा खिशात घेऊन दिनविशेष धावत सुटले. छापखान्यापाशी पोचले तेव्हा साडेआठ झाले होते. दाराला कुलूप होतं आणि पायरीवर बायकोची शाल पांघरून मालक बसले होते.

"किल्ली?"

"गडबडीत घराचीच घेऊन आलो. ते जाऊ दे, साहेबही आले नाहीत. येऊन गेले असतील. कुलूप बघून परत गेले असतील. संपलं सगळं."

दोघं पायरीवर बसून राहिले. तोंडातून वाफा येत होत्या. रस्ताभर माणसं उलटे स्वेटर, विस्कटलेले केस अशा अवतारात कामावर पळत होती. एक जण पायात घरातल्या सपाता घालून चालला होता आणि त्याच्या ते लक्षात यायची चिन्हं नव्हती. दिनविशेषांना बावीस वर्षांची पानं आठवली, आणि उद्यापासून सकाळी उठून करायचं काय, या विचारात त्यांनी खिशातला मोजा काढून पायात घातला.

साडेनऊला विमा कंपनीची गाडी थांबली. साहेब उतरले. त्यांच्या शर्टाचं एक बटण चुकून सगळी ओळ वर सरकली होती आणि हनुवटीवर दाढी करताना कापल्याची चिकटपट्टी होती.

"सतरा जानेवारी कोणी लिहिली?" त्यांनी विचारलं.

मालकांनी क्षणाचाही विलंब न लावता दिनविशेषांकडे बोट केलं.

साहेब पायरीवरच बसले. "आज मी आयुष्यात पहिल्यांदा चहा केला," ते म्हणाले. "तो बरा नव्हता. पण ही पांघरुणात बसून दोन कप प्यायली. मग म्हणाली, इतका निवांत मी लग्नाच्या आधी चहा प्यायले होते. मला कसंतरीच झालं हो. मी म्हटलं, तू आधी का नाही बोललीस? तर म्हणाली, आधी कुठे छापलं होतं?"



"नमुना राहू दे," साहेब उठत म्हणाले. "चाळीस हजार छापा. पण घरून एक अट आहे. वर्षातून एकदा पुरत नाही. दर महिन्याला असा एक दिवस पाहिजे. मात्र दिवस जगन्मान्य असले पाहिजेत."

"जगाची काही हरकत येणार नाही," दिनविशेष म्हणाले.

संध्याकाळी ते घरी आले ते पुष्कळ हलके होऊन. बायको खुर्चीत पाय वर घेऊन बसली होती. त्यांनी आधी चहा केला, या वेळी सातव्याच डब्यात पूड मिळाली, आणि कप तिच्या हातात देऊन एका दमात सांगून टाकलं, "तो दिवस खोटा आहे. मी मनाने लिहिला. माझ्यासाठीच लिहिला होता. आणि खरं सांगू? सकाळी तुला बघून मला लाज वाटली."

"माहितीय," ती म्हणाली.

"काय माहितीय?"

"तुम्ही लिहिलं होतं, 'घरातल्या कर्त्या पुरुषाला आठपर्यंत उठवू नये, चहा जागेवर द्यावा.' प्रूफं घरी येतात तेव्हा तुम्ही घोरता आणि मी वाचते. तेवढं वाक्य दुरुस्त केलं. चहाचं काढून टाकलं, पानावर जागा नव्हती."

 रागवावं असं दिनविशेषांना वाटून गेलं, पण राग काही येईना. उलट हसूच फुटलं, ते आवरेना, आणि तीही हसायला लागली. मग त्यांनी कोरा कागद आणि पेन आणलं. तिच्या पांघरुणाचं एक टोक स्वतःच्या पायांवर ओढून घेतलं, आणि ती एकेक महिना सांगत गेली तसतसे बारा दिवस लिहून घेतले. एका दिवशी स्वयंपाकघर बंद, एका दिवशी कोणतीही वस्तू कुठे आहे हे विचारायला बंदी, एका दिवशी माहेरची माणसं रिक्षाने.

"आणि माझ्यासाठी?" त्यांनी शेवटी भीत भीत विचारलं. "एखादा अगदी छोटा."

बायकोने बराच वेळ विचार केला. त्यांच्याकडे प्रेमाने पाहिलं. "तुमच्यासाठी अख्खा दिवस," ती म्हणाली. "चहा जागेवर, कोणी उठवायचं नाही, सगळं तुमच्या मनासारखं. लिहा, एकोणतीस फेब्रुवारी."

दिनविशेषांनी भरल्या मनाने तारीख लिहिली, खाली दोन रेघा मारल्या, आणि आपल्याला बायको फार चांगली मिळाली असं म्हणत झोपले. पुढच्या वर्षी फेब्रुवारी अठ्ठावीस दिवसांचाच आहे हे त्यांना दुसऱ्या दिवशी छापखान्यात कळलं, पानं मोजताना.