नानांची चटई

नाशिकमधल्या आमच्या सातपूरच्या खोलीत आम्ही पाचही जण एका वेळी बसू शकत नव्हतो. चार आत, एक उंबऱ्यात. उंबरा बहुधा माझ्या वाट्याला यायचा. बाबा कंपनीत हेल्पर, आई चार घरची धुणीभांडी करायची, पाठच्या दोन बहिणी शाळेत. मी बी.कॉम. झाले ती त्या उंबऱ्यावर. आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर मी, हे कुणी विचारलं नाही तरी सांगते. नोकरी लागली, बँकेनं घरासाठी कर्ज मंजूर केलं, आणि त्याच महिन्यात चाळीच्या मालकानं सांगितलं, चाळ पाडतोय, दिवाळीपर्यंत खोल्या रिकाम्या करा.

तेव्हा भास्करनाना भेटले. खरं तर आधी त्यांची चटई भेटली.

नाना घरांचे एजंट. मूळचे कळवणचे, साठीला आलेले. जुनी स्कूटर आणि तिच्यावर पायापाशी उभी बांधलेली, गुंडाळलेली चटई. बाकीचे एजंट कुलूप उघडलं की थेट बाल्कनीत नेऊन "व्ह्यू बघा मॅडम" म्हणतात. नाना चटई अंथरतात.

"बसा. उभ्यानं भिंती दिसतात, बसल्यावर घर दिसतं."

पंधरा मिनिटं बसायचं, बोलायचं नाही. स्वतः मात्र दारातच उभे.

पहिल्याच फ्लॅटमध्ये आम्ही बसलो आणि नानांना हसू आवरेना. एवढा मोकळा हॉल, आणि आमची चौघं सवयीनं गुडघे पोटाशी घेऊन एका कोपऱ्यात, पाचवी मी दारात! अर्धी चटई रिकामी.

"अहो वहिनी, पसरा जरा! बसायचं भाडं नाही घेत!"

दुसरी गंमत अशी, की नाना घराची खोड आधी सांगायचे. मालक शेजारी उभा असला तरी. "या घरात पावसाळ्यात मोरीची भिंत ओलावते. वरचे काका सकाळी तबला शिकतात, आणि हाताला अजिबात गुण नाही." एकदा एक बिल्डरचा माणूस चिडला, "नाना, तुम्ही घर विकताय की मोडताय?" नाना म्हणाले, "खोड आधी कळली की माणूस तिच्याशी नांदतो. नंतर कळली की भांडतो."

नळाला पाणी किती वाजता येतं हे ते मालकाला नाही, शेजारणीला विचारायचे. कागदपत्रं आधी वकिलाला दाखवायचे, मगच आम्हाला. अशी अकरा घरं त्यांनी स्वतःच नापास केली. बाबा कातावले, "दिवाळी तोंडावर आली, नाना!" नाना ढिम्म.

बारावं घर पाथर्डी फाट्याचं, जोशीबाईंचं. बाई निवृत्त शिक्षिका, एकट्या. मुलाकडे नागपूरला निघालेल्या. तिथं आई चटईवर बसली आणि पाच मिनिटांत तिनं चक्क पाय पसरले. दारातून नाना पुटपुटले, "भारी शे!" खूश झाले की ते कळवणकडचं बोलायचे.

पण विसाराचे पैसे द्यायच्या दिवशी जोशीबाई म्हणाल्या, "मला नाही विकायचं." बाबा मटकन जिन्यातच बसले.

नानांनी आम्हाला सगळ्यांना बाहेर थांबवलं आणि बाईंसाठी चटई अंथरली. दार उघडंच होतं.

"तुम्हाला काय कळणार, नाना? तुम्ही रोज घरं विकता."

"एक माझंपण विकलंय, बाई. कळवणचं. बायको गेल्यावर. तीनला गिऱ्हाईक आलं, साडेतीनला किल्ली दिली. उभ्याउभ्या. तिनं दाराआड ठेवलेली ही चटई तेवढी उचलली. एकदा बसायला पाहिजे होतं. राहून गेलं." मग म्हणाले, "तुम्ही बसा. आठ दिवस बसा. नाही म्हणालात तर यांना मी दुसरं शोधून देईन."

माझा जीव टांगणीला. दिवाळीला पंधरा दिवस होते, आणि आमचा एजंट आमच्याच घरावर पाणी सोडत होता!

चटई बाईंकडे ठेवून नाना गेले. आठव्या दिवशी बाईंचा फोन आला. हो म्हणाल्या. एकच अट, नाशिकला आले तर तासभर येऊन बसेन.

आई म्हणाली, "कधीपण या, बाई. आता जागा हाय."

वास्तुशांतीला नाना आले ते दारातच. "निघतो, दोन घरं दाखवायचीत."

आईनं त्यांचीच, बाईंनी जाताना ठेवून गेलेली चटई हॉलच्या मधोमध अंथरली. "नाना, बसा. भाडं नाय घेत."

नानांनी चटईकडे बघितलं. चपला काढल्या, आत आले, हळूच बसले, आणि तळव्यानं चटईची कड सरळ करत राहिले. पंधरा मिनिटं कुणीच बोललं नाही.

घर आईच्या नावावर आहे. त्या दिवशी आम्ही सहा जण एका वेळी बसलो, आणि उंबऱ्यात कुणी नव्हतं.