देव न मानणाऱ्याच्या वाती

मी ज्यांचा सगळ्यात जास्त ऋणी आहे ते हिवरखेडचे नामदेवकाका. एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले, देव अजिबात न मानणारे, आणि दर शनिवारी गावातल्या चार-पाच आज्यांकडून पिशव्या भरून वाती विकत घेणारे.

काकांच्या घरात देव्हारा नव्हता. घराला रंग देताना कोनाड्यातला गणपतीही त्यांनी शेजारी देऊन टाकला होता. तरी शनिवारी ओट्यावर आज्यांची रांग लागे आणि काका गाडीत असल्यासारखे ओरडत, "पुढं सरका, पुढं सरका." मग एकेक वात उजेडात धरून नावं ठेवत. माझ्या आजीला म्हणत, "बुढे, हे वात हाय का बैलाचं दावं?" आजीही ऐकून घेत नसे. ज्याच्या घरी दिवा लागत नाही त्यानं वातीची अक्कल शिकवू नये, असं तोंडावर सांगून ती पैसे कनवटीला लावायची.

या सगळ्या आज्यांच्या घरी आईबाप गेलेली नातवंडं होती.

माझे आईवडील गेले त्या वर्षी बाहेरून काही मोठी माणसं धान्य वाटायला आली. बॅनरवर 'निराधार' लिहिलेलं. त्याचं एक टोक माझ्या हातात दिलं, दुसरं आजीच्या. फोटो गावभर मोबाइलवर फिरला. आजीनं ते गहू शिजवले नाहीत, चुलत्याच्या दारात नेऊन ठेवले. चुलता म्हणाला, एवढा ताठा आहे तर पोराला अनाथाश्रमात टाक. सगळ्यांना ते पटलं. घरात दाणा नव्हता.

दुसऱ्या दिवशी काका कापसाचं बोचकं घेऊन आले. "मले वाती लागतात. वळून दे. अन् पोट्ट्याले कुठं धाडू नको."

मी पदवीधर झालो तो त्या वातींवर. काका त्या वातींनी अंघोळीच्या पाण्याचा बंब पेटवत, हे मी पाहिलं होतं. गावाला वाटे, हा म्हाताऱ्या बायांना राबवून अकोल्यात धंदा करतो. लोक तसं तोंडावर म्हणत. काका म्हणत, "हो, करतो."

त्यांचा मुलगा अपघातात गेला होता आणि सून तान्ह्या नातवाला घेऊन अकोल्याला माहेरी निघून गेली होती. नातू काकांना पुन्हा दिसला नाही. हे मला आजीनं तिच्या शेवटच्या दुखण्यात सांगितलं. काका कधी बोलले नाहीत. मला अकोल्यात नोकरी लागली तेव्हा मात्र पत्ता देऊन म्हणाले, "जमलं तं एक चक्कर मारजो."

मी गेलो. नातवानं दार उघडलं. मी हिवरखेडचा म्हटल्यावर तो खूश झाला.

"माझे आजोबा तिथलेच होते. मी लहान असतानाच वारले ते."

मागे त्याची आई उभी होती. तिनं माझ्याकडे नुसतं पाहिलं. मी पाणी पिऊन उठलो.

फोनवर आवाजानं घात केला असता, म्हणून पत्र लिहिलं:

"काकाजी, सा. न. जाऊन आलो. नातू चांगला उंच झालाय. कान तुमचेच. आई त्याला नीट सांभाळते. पाणी त्यानं स्वतः आणून दिलं. आजी गेल्यापासून मलाही दुसरं घर नाही, दिवाळीला तुमच्याकडेच येतो. तब्येतीला जपा. आणि हो, तुमचा विषय मी काढला नव्हता, त्यानंच काढला.

तुमचा,
गजानन"