सगळ्यांचा पहिला नंबर

"दिव्यांगांच्या शर्यतीत कोणी हरणार नाही म्हणजे नाही!" किसनरावांनी टेबलावर थाप मारली. वरूडच्या क्रीडा मंडळाचे ते अध्यक्ष, त्यामुळे टेबलही त्यांचंच. "सगळ्याइचा पहिला नंबर! कप बी तसेच छापून आणले."

"मंग शर्यत कायले घेता, काका?" व्हीलचेअरवरून रागिणीने विचारलं. तिचं डोकं तापलं होतं, अन् का तापू नये? "मले हरवून दाखव," असं अकोल्याच्या जुईलीने, तीही व्हीलचेअरवालीच, फोनवर सुनावलं होतं. तेव्हापासून रागिणी रोज संत्रा मंडीच्या पटांगणात खुर्ची पळवत होती. शाळेपासून ती जाईल तिथे तिला असाच फुकटचा पहिला नंबर मिळालेला. आई त्या कपांत मोहरी-जिरं ठेवायची.

"पोरी, कोनाचं मन दुखू नये," किसनराव म्हणाले.

"माह्यं आत्ताच दुखून राहिलं!"

पण ऐकेल तो अध्यक्ष कसला! शर्यतीच्या दिवशी त्यांनी प्रत्येक खुर्चीमागे ढकलायला एकेक स्वयंसेवक उभा केला. "मले हात हायत ना!" असं रागिणी ओरडली, तरी तिच्यामागचा अश्विन काही हटेना. आता इतक्या जणांचा वेग सारखा कसा राहणार? म्हणून सगळ्या खुर्च्या दोराने शेजारी-शेजारी एका ओळीत बांधल्या. दोर कमी पडला, तर मंडपाच्या खांबाचा ताणाचा दोर सोडून आणला. अक्कल पाजळायची तरी किती!

शिट्टी वाजली. निम्म्या मैदानात अश्विनचा फोन वाजला आणि "हो आई, जेवतो," म्हणत तो जागीच थांबला. रागिणीची टोकाची खुर्ची थांबली, पण बाकीची ओळ तिच्याभोवती गरकन वळून मंडपाकडे निघाली.

"धरा, धरा! काय पाहून राहिले!" किसनराव मंडपातून ओरडले. खुर्च्या अडवायला सगळे स्वयंसेवक ढकलणं सोडून पुढे धावले, अश्विनही धावला. खुर्च्या आपल्या आपण थांबल्या. यांना मात्र थांबता आलं नाही आणि सगळ्यांनी मिळून तोच बिनताणाचा खांब कवटाळला. अख्खा मंडप किसनराव, पाहुणे आणि स्वयंसेवकांवर बसला.

रागिणीने आपली गाठ सोडली आणि ओळीतल्या जुईलीला हाक मारली. "जुईली, आता मैदान मोकळं हाय. येते का?"

"येत नाही त काय!"

बाकीच्यांनीही गाठी सोडल्या. सगळे पुन्हा रेषेवर आले आणि आपल्या हातांनी सुसाट सुटले. धूळ उडाली, रागिणीचे तळहात सोलून निघाले. जुईली पहिली आली. रागिणी शेवटची.

"हरली ना बे!" जुईली खदखदून हसली.

आजवर रागिणीला असं तोंडावर कोणी म्हटलं नव्हतं. तिला भयंकर राग आला. "मैदानाले उतार हाय! तुही खुर्ची नवी हाय!"

"हरली ते हरलीच!"

तेवढ्यात किसनराव कापडाखालून रांगत बाहेर आले. धोतर फाटलं होतं, पण कप हातात होता. "रडू नको पोरी. हा घे तुहा पहिला नंबर."

"रडते कोन?" रागिणीने कप हिसकला आणि जुईलीच्या मांडीवर आदळला. "हा इचा हाय. येत्या साली इच्या हातून हिसकून घ्याचा हाय मले. अन् काका, तवा एकच कप आणजा!"