फलाट सात, बेटाची गाडी

डेपोतले वेळापत्रकवाले बायकोबरोबर बेटावर सर्फिंगला जायचं ठरवत होते, हे त्यांनी तयार केलेल्या कागदावरून कुणालाही कळलं नसतं. कागदाच्या डोक्यावर ठळक अक्षरांत 'नवीन मार्ग' असं होतं. खाली रकाने. निघण्याची वेळ : शनिवार, सहा दहा. थांबे : डेपो (फलाट सात), पूल, बेट. पोहोचण्याची वेळ : आठ पन्नास. परत निघण्याची वेळ : साडेचार. शेवटी सूचना : 'लाटा सकाळी लहान, दुपारी मोठ्या. पोहण्याचे कपडे सोबत ठेवावेत. पडल्यास घाबरू नये.'

सव्वीस वर्षं बसगाड्यांची वेळापत्रकं करणाऱ्या माणसाला सहलीचा बेत दुसऱ्या कुठल्या रीतीनं मांडता येणार? खरं तर भाचा त्याची गाडी घेऊन घरीच न्यायला येणार होता. पण गाडी फलाटावरून न सुटता घरासमोरून सुटते, ही कल्पनाच त्यांना पटेना. भाच्याला त्यांनी फलाट सातवर बोलावलं. कागद पूर्ण झाल्यावर हातानं सवयीनं सही केली आणि सहीमागोमाग डेपोचा गोल शिक्काही मारला. मग तो घरी नेऊन त्यांनी मोठ्या ऐटीत बायकोपुढे धरला.

बायको बालवाडीत शिकवायची. लाटेवर एकदा तरी उभं राहायचं, हे तिच्या मनानं घेतलं होतं. त्यासाठी ती अठ्ठेचाळिसाव्या वर्षी पोहायला शिकली. रोज सकाळी चटईवर पालथी पडून एका उडीत उभी राहण्याचा सराव करायची, आणि खालच्या मजल्यावरची माणसं वर बघून उसासा टाकायची. गेल्या तीन वर्षांत हा बेत तीनदा ठरला आणि तीनदा मोडला. एकदा नवा मार्ग सुरू झाला, एकदा फलाट खोदला, एकदा दोन चालक तापानं पडले. तिन्ही वेळा वेळापत्रकवाले डेपोत आणि बायको चटईवर.

"या वेळी नक्की ना?" बायकोनं विचारलं.

"अगं, कागदावर आलंय म्हणजे झालंच."

"मागच्या तिन्ही वेळांचे कागद पण आहेत माझ्याकडे. दाखवू?"

वेळापत्रकवाल्यांनी विषय बदलला.

सोमवारी ते डेपोच्या फाटकातून आत शिरले तोच भोंग्यातून चौकशी खिडकीवरच्या ताईंचा आवाज आला. "प्रवाशांनी लक्ष द्यावं. शनिवारी सहा दहाला फलाट सातवरून बेटाची नवीन गाडी सुटेल. लाटा सकाळी लहान, दुपारी मोठ्या. पडल्यास घाबरू नये."

वेळापत्रकवाल्यांच्या हातातला डबा पडता पडता राहिला. ते सूचनाफलकाकडे धावले. फलकवाला शिडीवर उभा राहून त्यांच्याच कागदाचा चौथा कोपरा चिकटवत होता.

"अरे, हा कुणी लावायला सांगितला?"

"शिक्क्यानं. फलकावर लावायच्या ट्रेमध्ये होता, शिक्का होता, लावला."

"वाचलास तरी का?"

"साहेब, मी वाचत बसलो तर चिकटवणार कोण?"

घरच्या कागदाला शिक्का मारून तो नकळत परत डेपोच्या ट्रेमध्ये टाकण्याइतके आपण म्हातारे झालो, असं वाटून त्यांना फार वाईट वाटलं. त्यांनी कागद उपटायला हात वर केला, तर पाठीमागून एक आजोबा म्हणाले, "थांबा हो, माझं वाचून व्हायचंय. पोहण्याचे कपडे कुठल्याही रंगाचे चालतील ना?"

आजोबांच्या मागे पंधराएक माणसं होती. दुपारपर्यंत आरक्षणाच्या खिडकीनं चव्वेचाळीसच्या चव्वेचाळीस जागा देऊन टाकल्या. बेटाला आजवर या गावातून थेट गाडीच नव्हती, हे सव्वीस वर्षांत डेपोतल्या कुणाच्याही लक्षात आलं नव्हतं.

तीन वाजता डेपो मॅनेजरनी बोलावलं.

"काय आहे हे? 'पडल्यास घाबरू नये'? मुख्य कार्यालयातून फोन आला मला. त्यांना वाटलं, आपल्या गाडीतून माणसं पडतात!"

"साहेब, तो माझा घरचा बेत आहे. गाडी रद्द करा."

मॅनेजरनी नियमांचं पुस्तक उघडलं. "फलकावर लागलेली गाडी रद्द करायची तर पंधरा दिवस आधी सूचना द्यावी लागते. हा नियम कुणी केला?"

"मी, साहेब."

"आणि नव्या मार्गाच्या पहिल्या फेरीत वेळापत्रक अधिकाऱ्यानं गाडीतून जाऊन वेळा तपासायच्या, हा?"

"तोही मीच."

"छान. मग तुमची शनिवारची रजा रद्द."

म्हणजे आता गंमत अशी झाली, की वेळापत्रकवाले बेटावर जाणार होते, पण कामावर. आणि गाडीत एकही जागा शिल्लक नव्हती. भाच्याला विचारलं तर, "मामा, तुमची गाडी आहे म्हणून मी माझी मित्राला दिली," असं उत्तर आलं. ज्या बाईसाठी एवढं केलं, ती पुन्हा चटईवरच. हे तिला सांगायचं कसं? मंगळवारी त्यांनी सांगायचं ठरवलं. बुधवारीही ठरवलं. शेवटी शुक्रवारी संध्याकाळी भांडी पुसता पुसता त्यांनी एका दमात सगळं सांगून टाकलं.

"बरं," बायको म्हणाली.

बास, एवढंच. ती रागावली असती तर त्यांना बरं वाटलं असतं. तिनं शांतपणे चटई गुंडाळून कोपऱ्यात उभी केली, तेव्हा वेळापत्रकवाले पुसलेलीच भांडी पुन्हा पुसू लागले.

शनिवारी सकाळी तिला हाक मारायचा धीर न होऊन ते चोरासारखे घराबाहेर पडले. फलाट सातवर रंगीबेरंगी टोप्यांची झुंबड उडाली होती. सगळे गाडीत बसल्यावर ते चालकाशेजारच्या जागेकडे निघाले आणि जागच्या जागी थांबले. एक नंबरच्या सीटवर बायको बसली होती. मांडीवर टॉवेल.

"तू? तुला जागा कशी मिळाली?"

"आरक्षण आहे माझं. सोमवारी केलं. पहिलंच."

"पण मी फाटकातून आलो तेव्हा तर कागद फलकावर लागतच होता!"

"हो ना. त्याच्याआधी."

"फलकाआधी तुला कसं कळलं?"

"ज्यानं ट्रेमध्ये कागद ठेवला, त्याला कळणारच की." तिनं खिडकीची काच सरकवली. "अहो, घरचा बेत तुम्ही तीनदा मोडलात. फलकावर लागलेली गाडी सव्वीस वर्षांत एकदा तरी मोडलीत का? मी म्हटलं, आपण घरचे राहण्यापेक्षा प्रवासी होऊ."

गाडी सहा दहाला सुटली. पूल ओलांडेपर्यंत ते तिच्याकडे चोरून बघत होते, आणि आपल्याला आनंद झालाय की लाज वाटतेय हे त्यांचं त्यांनाच कळत नव्हतं. दोन्ही होतं.

बेटावर ऊन होतं, नारळाची झाडं होती, आणि समुद्र आंघोळीच्या पाण्याइतका कोमट होता. किनाऱ्यावरच्या शिकवणाऱ्या मुलीनं बायकोला फळी दिली. बायको सकाळभर पडली. दुपारभरही पडली. नाकातोंडात पाणी गेलं, गुडघा खरचटला, आजोबांनी दोनदा टाळ्या वाजवल्या त्या उगाच. पण पडून वर आली की ती हसायची आणि पुन्हा फळी ओढत आत जायची. कमरेएवढ्या पाण्यात उभे असलेले वेळापत्रकवाले प्रत्येक लाटेला श्वास रोखत होते.

सव्वाचार वाजले. चार पंचवीस झाले. सगळे प्रवासी गाडीत जाऊन बसले. चालक दारात उभा होता. हा चालक वेळापत्रकवाल्यांच्याच तालमीतला, एक मिनिट उशीर झाला तर त्याला झोप येत नसे. त्यानं साडेचारला हॉर्न दिला.

त्याच वेळी दूर पाण्यात बायकोनं पालथं पडल्या जागेवरून उडी मारली आणि उभी राहिली. गुडघे वाकलेले, हात पसरलेले, खांद्यावर नसलेला पदर सावरावा तसा एक हात उगाच खांद्याशी गेलेला. पण उभी. मग पडली.

"दिसलं का हो?" ती पाण्यातून ओरडली. "अजून एकदा येऊ का?"

चालकानं पुन्हा हॉर्न दिला. "साहेब, वेळ झाली! पहिलीच फेरी आहे, लेट होईल!"

वेळापत्रकवाल्यांनी त्याच्याकडे वळून न बघताच पाठीमागे हात उंचावला.

"होऊ दे," ते म्हणाले.